‘गरज पडल्यास’ म्हणजे कुणाची गरज?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे ‘एस.ओ.एस.’ ही अक्षरे आपण पाहिली असतील. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ एवढाच : गरज पडल्यास. अमेरिकेत त्यासाठी ‘पी.आर.एन.’ लिहितात. मी कवी असल्यामुळे असेल, पण या ‘गरज’ शब्दापाशी मी थबकतो. गरज कुणाची? आणि ती ठरवणार कोण?

डोकेदुखीची गोळी ज्याचे डोके दुखते तो मागून घेतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धासाठी मन शांत करणारे औषध असे लिहून ठेवले, तर ते द्यायचे की नाही हे बहुधा दुसराच ठरवतो. अमेरिकेतील नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचे छोटे खासगी रुग्णालय नव्हे. तिथे परावलंबी वृद्ध वर्षानुवर्षे राहतात. रात्री एखादी आजी ओरडू लागली, तर गोळी देऊन निजवणे सोपे. पण ओरडण्यामागे तहान असेल, लघवीचा संसर्ग असेल, बद्धकोष्ठ असेल. गोळीने आवाज थांबतो, दुखणे तसेच राहते. शिवाय गुंगीत पडण्याची भीती असतेच.

अशा वृद्धांमध्ये काही अँटिसायकोटिक औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला. २००८ मध्ये तो या वर्गातील जुन्या औषधांनाही लागू केला. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी औषधाने माणसाला जखडू नये, हे तिथल्या १९८७ च्या कायद्यातच होते. २८ नोव्हेंबर २०१७ पासून सरकारी निधी घेणाऱ्या नर्सिंग होममध्ये मनावर परिणाम करणाऱ्या औषधांच्या ‘गरज पडल्यास’ आदेशाला चौदा दिवसांची मर्यादा आली. त्यापुढे औषध हवे असल्यास डॉक्टरने कारण आणि मुदत लिहायची. अँटिसायकोटिक असेल, तर रुग्णाला स्वतः तपासल्याशिवाय नवा आदेश नाही.

या नियमातला शहाणपणा आपल्या घरीही उपयोगी पडेल. आईवडिलांच्या चिठ्ठीवर असे औषध असेल, तर डॉक्टरांना विचारावे : नेमक्या कोणत्या लक्षणासाठी? दिवसात जास्तीत जास्त किती वेळा? किती दिवस? पुन्हा कधी दाखवायचे? गोळी का दिली, कधी दिली आणि काय फरक पडला, हे वहीत टिपून ठेवावे. औषध आपल्या मनाने बंद मात्र करू नये. आणि गोळीकडे हात जाण्याआधी एकदा पाणी विचारावे, कुठे दुखते का पाहावे, घटकाभर जवळ बसावे. कदाचित गरज तेवढीच असेल.