प्रवाळ मत्स्यालयातील पूरके

प्रवाळ मत्स्यालयातील पूरके म्हणजे घरगुती खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळांनी वापरलेली खनिजे भरून काढण्यासाठी पाण्यात मिसळली जाणारी द्रव्ये होत. त्यांची निवड वेष्टनावरील वर्णनावरून न करता पाण्याच्या चाचणीवरून करणे योग्य ठरते.

पार्श्वभूमी

दगडी प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात. समुद्राचा साठा अफाट असल्यामुळे ही उचल तेथे जाणवत नाही. काहीशे लिटरच्या टाकीत मात्र ती थोड्याच दिवसांत दिसू लागते.

प्रमुख घटक

नैसर्गिक समुद्रजलात प्रतिलिटर सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे १,२८० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. अल्कता, म्हणजे आम्ल निष्प्रभ करण्याची पाण्याची क्षमता, ६.५ ते ७ जर्मन अंश असते. सांगाडा घडताना प्रतिलिटर २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्ची पडले, की अल्कता सुमारे २.८ अंशांनी उतरते. म्हणून हे दोन्ही घटक जोडीनेच भरून काढावे लागतात. मॅग्नेशियममुळे कॅल्शियम कार्बोनेट आपोआप अवक्षेपित होण्यास अटकाव होतो.

निवड

मऊ प्रवाळांच्या टाकीत नियमित पाणीबदल बहुधा पुरेसा असतो. दगडी प्रवाळ वाढू लागल्यावर चुन्याची निवळी किंवा द्विभागी द्रावण वापरतात. निवळीचा सामू १२च्या वर असल्याने ती थेंबाथेंबाने सोडतात. द्विभागी द्रावणात एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइड, तर दुसरीत सोडियम कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट असते. दोन्ही थेट एकत्र केल्यास अवक्षेप तयार होतो, म्हणून ती वेगवेगळी घालतात.

उदाहरणार्थ, २०० लिटरच्या टाकीत कॅल्शियम प्रतिलिटर २० मिलिग्रॅमने घटले असेल, तर एकूण तूट ४ ग्रॅमची होते. ती भरण्यास सुमारे १५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट लागते.

खबरदारी

प्रवाळांच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशसंश्लेषणातून त्यांना बरेचसे अन्न पुरवतात. त्यामुळे प्रकाश अपुरा असल्यास पूरकांनी ती उणीव भरून निघत नाही. अमिनो आम्ले व द्रवरूप खाद्य अतिरेकाने घातल्यास नायट्रेट व फॉस्फेट वाढून नको असलेले शेवाळ माजते. आयोडीन अधिक झाल्यास विषारी ठरते. अल्कतेतील आकस्मिक चढउताराने प्रवाळांच्या ऊती झडू शकतात. म्हणून मोठी तूटही काही दिवसांत विभागून भरतात. ज्या घटकाची चाचणी करता येत नाही, त्याचे वेगळे पूरक न घालणे इष्ट.