सूर्य आणि चंद्र एकत्र आले तेव्हा

घरातल्या मुलाने झाकरीच्या ढोलकीबरोबर विजेची गिटार वाजवली की आजोबांच्या कपाळाला आठी पडते. दोन सूर मिसळले तर आपला सूर हरवेल, ही भीती आम्ही अनेक घरांत पाहिली आहे. त्यासाठी आज न्यूझीलंडच्या एका पियानोवादकाची गोष्ट सांगतो.

माईक नॉक यांचा जन्म १९४० साली क्राइस्टचर्च येथे झाला. वाइकातो आणि वाइपा या नद्यांच्या संगमावर न्गारुआवाहिया नावाचे छोटे गाव आहे. तेथे अकराव्या वर्षी ते पियानो शिकू लागले. अठराव्या वर्षी ते ऑस्ट्रेलियात वाजवीत होते. १९६१ साली शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेत, बोस्टनच्या बर्कली संगीत विद्यालयात गेले. पुढे युसेफ लतीफ या नामवंत जाझ वादकाच्या संचात त्यांनी काही वर्षे काढली.

एवढी तयारी झाल्यावर, १९६८ च्या सुमारास, त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'द फोर्थ वे' हा संच उभारला. मायकल व्हाइट यांचे व्हायोलिन, रॉन मॅक्लूर यांचा बास, एडी मार्शल यांचे ड्रम आणि नॉक यांचा विजेचा पियानो. दोघे कृष्णवर्णीय, दोघे गोरे. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्या काळात हे चौघे बरोबरीने वाजवीत होते.

जाझमध्ये वादक सूर जागच्या जागी फुलवतो, जसा आपला गवई आलाप घेतो. रॉकचा ठेका ठाम, वाद्ये विजेची. या चौघांनी दोन्ही एकत्र आणले. १९६९ साली बर्कले शहरातील न्यू ऑर्लिन्स हाउस येथे श्रोत्यांसमोर त्यांची तबकडी ध्वनिमुद्रित झाली. तिच्या नावाचाच अर्थ 'सूर्य आणि चंद्र एकत्र आले' असा आहे. माइल्स डेव्हिस यांची जगप्रसिद्ध 'बिचेस ब्रू' बाजारात आली ती १९७० साली. म्हणजे आपले हे कलावंत कोणाच्या मागून चालले नव्हते.

तरीही मोठे नाव डेव्हिस यांचेच झाले. १९७० साली स्वित्झर्लंडच्या माँत्रो महोत्सवात वाजवून पुढच्या वर्षी हा संच फुटला. नॉक मात्र थांबले नाहीत. १९८५ साली ते सिडनीला परतले आणि तेथील संगीत महाविद्यालयात त्यांनी अनेक तरुणांना घडवले. २००३ साली न्यूझीलंडने त्यांना राष्ट्रीय सन्मान दिला. आम्हा शिक्षकांना तबकडीइतकाच हा वारसाही मोलाचा वाटतो.

वाचकहो, मिसळल्याने सूर हरवत नाही, अर्धवट शिकल्याने हरवतो. मुलाच्या हातून गिटार काढून घेऊ नका. त्याला आधी झाकरी मात्र पुरती शिकवा.