‘फाइल सापडली नाही’ म्हणजे संगणक बिघडला असं नाही

आजचा विषय तसा लहान आहे, पण त्यापायी धडधाकट संगणक भंगारात काढायची वेळ आलेली आम्ही पाहिली आहे. म्हणून जरा सविस्तर बोलू.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्याच एका शाळेची गोष्ट. संगणक कक्षात वीस संगणक, आणि एकातही हार्ड डिस्क नाही. कोपऱ्यात एक सर्व्हर, त्याच्यावरून नेटवर्कच्या वायरीने सगळे सुरू होतात. खर्च कमी, देखभाल एकाच ठिकाणी. एके दिवशी सर्व्हरची डिस्क गेली. नवी बसवली, फाइली परत कॉपी केल्या. दुसऱ्या दिवशी वीसच्या वीस पडद्यांवर एकच ओळ: ‘पीएक्सई-टी०१: फाइल नॉट फाउंड’.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं मदरबोर्ड गेले, कुणी म्हणालं एवढे जुने संगणक ठेवता कशाला. नव्या संगणकांचं कोटेशनसुद्धा आलं. आठवडाभर कक्षाला कुलूप. ज्या लेकरांच्या हाताला कीबोर्ड फक्त शाळेतच लागतो, त्यांचे तास बुडाले. आम्ही गेलो तेव्हा पहिला विचार एवढाच केला, की वीस संगणकांचे मदरबोर्ड एकाच रात्री कसे जातील? एकच संगणक अडला तर त्याची वायर, त्याचं कार्ड बघायचं. सगळे एकदम अडले, तर दोष सर्व्हरकडे किंवा स्विचकडे शोधायचा.

आता बघा, डिस्क नसलेला संगणक सुरू कसा होतो? बटण दाबलं की त्याचं नेटवर्क कार्ड सगळ्या नेटवर्कवर हाक मारतं: मला पत्ता द्या. या कामाला डीएचसीपी म्हणतात. उत्तरात तीन गोष्टी मिळायला हव्यात. एक, स्वतःचा आयपी पत्ता. दोन, फाइल कुठल्या सर्व्हरवर आहे. तीन, त्या फाइलचं नाव. मग संगणक त्या सर्व्हरकडे जाऊन ती फाइल मागतो. ही देवाणघेवाण टीएफटीपी नावाच्या अगदी साध्या पद्धतीने होते. फाइल आली की ती चालू होते आणि पुढचं सगळं ओढून आणते. या सगळ्या रिवाजाला पीएक्सई म्हणतात. इंटेलने १९९९ मध्ये त्याची २.१ ही आवृत्ती प्रसिद्ध केली, आणि आपल्या लॅबमधले बहुतेक जुने संगणक तिच्यावरच चालतात.

म्हणजे पडद्यावरचा आकडा आपल्याला एकच गोष्ट सांगतो: संगणक कुठपर्यंत पोचला आणि कुठे अडला. एकेक पायरी घेऊ.

ई६१ आला, तर वायरच लागलेली नाही. केबल, पिन, स्विचचा दिवा बघा.

ई५१ म्हणजे हाक मारली, पण कुणीच उत्तर दिलं नाही. डीएचसीपी सेवा बंद आहे, किंवा मधला स्विच बंद आहे.

ई५३ म्हणजे पत्ता मिळाला, पण फाइलचं नाव मिळालं नाही. आपल्याकडे हा फार भेटतो. कारण काय? वीज जाते आणि येते. इंटरनेटचा राउटर मिनिटभरात उठून पत्ते वाटायला लागतो, सर्व्हर मात्र अजून उठलेला नसतो. राउटर पत्ता देतो, पण फाइलचं नाव त्याला कुठून ठाऊक? म्हणून एका नेटवर्कवर पत्ते वाटणारा एकच असावा. राउटरमधली डीएचसीपी सेवा बंद करा. सर्व्हर उठला असूनही ई५३ येत असेल, तर डीएचसीपीच्या सेटिंगमध्ये ६६ आणि ६७ हे पर्याय तपासा. ६६ मध्ये सर्व्हर, ६७ मध्ये फाइलचं नाव.

ई३२ म्हणजे नाव मिळालं, पण टीएफटीपी सर्व्हर बोलत नाही. सेवा बंद असेल, सर्व्हरचा पत्ता चुकला असेल, किंवा फायरवॉल अडवत असेल. इथे एक बारीक गोष्ट आहे. मागणी यूडीपीच्या ६९ क्रमांकाच्या पोर्टवर जाते, पण फाइल दुसऱ्याच पोर्टवरून येते. त्यामुळे नुसतं ६९ उघडून कधीकधी भागत नाही.

आणि आपला टी०१. इथे सर्व्हर बोलतोय, पण म्हणतोय की या नावाची फाइल माझ्याकडे नाही. मंडळी, ही बातमी चांगली आहे! वायर, पत्ता, सेवा सगळं ठीक आहे. फक्त नाव किंवा जागा चुकली आहे.

हे नावाचं नीट समजून घेऊ. २०२३ मध्ये उस्मानाबादचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. तरी कुणी पाकिटावर जुनं नाव लिहिलं तर पोस्टमन पत्र आणून देतो, कारण त्याला दोन्ही नावं माहीत आहेत. टीएफटीपी सर्व्हर असा पोस्टमन नाही. त्याला ‘तुझ्याकडे कुठल्या फाइली आहेत’ एवढंही विचारता येत नाही, यादी दाखवायची सोयच त्यात नाही. नाव अक्षर न अक्षर जुळलं तर फाइल, नाही तर नकार. शिवाय लिनक्सवर इंग्रजीतलं लहान अक्षर वेगळं आणि मोठं अक्षर वेगळं.

त्या शाळेत हेच झालं होतं. सेटिंगमध्ये फाइलचं नाव लहान अक्षरांत, आणि नव्या डिस्कवर तीच फाइल मोठ्या अक्षरांत. नाव बदललं आणि वीसही संगणक सुरू झाले. खर्च शून्य.

कधी फाइल येते, पण संगणक तिथेच थांबतो. तेव्हा बघा, संगणक जुन्या बायोसचा आहे की यूईएफआयचा? बायोसला ‘पीएक्सईलिनक्स डॉट शून्य’सारखी फाइल चालते, यूईएफआयला ‘ईएफआय’ शेपटीची लागते. जुन्या लॅबमध्ये दोन नवे संगणक आणले आणि तेवढेच अडले, तर संशय इथेच घ्या. नव्या संगणकांवर आकडेही वेगळे दिसतात, जसे ई१६ किंवा ई२३, पण पायऱ्या त्याच असतात.

शेवटी एक सोपी परीक्षा सांगतो. त्याच स्विचला लॅपटॉप जोडा आणि टीएफटीपीने तीच फाइल, त्याच नावाने मागा. लॅपटॉपला मिळाली, तर फाइल जागेवर आहे; मग डीएचसीपी कुठलं नाव आणि कुठला सर्व्हर सांगतंय ते बघा. नाही मिळाली, तर सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडा. संगणकाने नेमकं कुठलं नाव मागितलं ते बहुधा तिथेच लिहिलेलं सापडतं.

आणि काही हलवण्याआधी पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. लातूरहून किंवा सोलापूरहून माणूस बोलवण्याआधी तो फोटो त्याला पाठवा. अर्ध्या वेळा काम फोनवरच उरकतं, आणि लॅबला कुलूप लागत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.