कुलूप नसलेला धडा

सरकारी शाळेतली संगणकाची खोली बाहेरूनच ओळखू येते. लोखंडी दार, खिडकीला जाळी, किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. महागाची वस्तू आहे, बिघडली तर भरून कोण देणार, ही भीती त्यामागे असते. पण धोरणानेही या खोलीला शाळेपासून दूरच ठेवले. केंद्र सरकारची शाळांमधल्या माहिती तंत्रज्ञानाची योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि बऱ्याच राज्यांनी ती कंत्राटाने राबवली. कंपनीने यंत्रे आणायची, आपला माणूस नेमायचा, पाच वर्षे वर्ग चालवायचे आणि मग सगळा पसारा शाळेच्या ताब्यात द्यायचा. सरकारी भाषेत याचे नाव ‘बूट’. मुदत संपली की माणूस जाई आणि पाच वर्षे जुने झालेले यंत्र मागे उरे. त्या सगळ्या काळात गणिताच्या बाईंना त्या खोलीत शिरण्याचे काही कारणच पडत नसे.

या पद्धतीला नेटाने विरोध करणाऱ्यांपैकी एक संस्था बंगळुरूच्या जयनगरात आहे. जयनगर म्हणजे १९४८ साली पायाभरणी झालेली, आखीव रस्त्यांची, झाडांची जुनी वसाहत. तिच्या चौथ्या टी ब्लॉकमध्ये, टिळकनगरच्या शेजारी, ‘आयटी फॉर चेंज’चे कार्यालय आहे. संस्था २००० सालची. तिथले गुरुमूर्ती काशीनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातली कंत्राटी पद्धत आणि केरळची पद्धत शेजारी ठेवून तपासली. केरळने २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ सुरू केले. तिथे कंपनीचा माणूस बसवण्याऐवजी शाळेतल्याच शिक्षकांना तयार केले आणि मुक्त सॉफ्टवेअरची कास धरली. यंत्रे दोन्हीकडे साधारण सारखीच होती. फरक होता तो त्यांच्यापुढे कोण बसते याचा.

मग २०११ मध्ये कर्नाटकच्या शिक्षण खात्यासोबत माध्यमिक शिक्षकांसाठी ‘विषय शिक्षकर वेदिके’ हा कार्यक्रम उभा राहिला. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांनी जिल्ह्याच्या प्रशिक्षण केंद्रात यायचे, कन्नडमध्ये टंकलेखन शिकायचे आणि स्वतःच्या विषयाचे साहित्य स्वतः बनवायचे. प्रशिक्षण संपल्यावर सारे पांगू नयेत म्हणून विषयवार ई-मेल गट तयार झाले आणि हजारो शिक्षक त्यांत जोडले गेले. जमलेले साहित्य ठेवायला एक खुला कोश निघाला, ‘कर्नाटक मुक्त शैक्षणिक संसाधने’. विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्यावरच तो उभा आहे.

शिक्षकांना नेमके काय शिकवले? एक उदाहरण जिओजेब्राचे. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात शिकताना मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ च्या सुमारास हे सॉफ्टवेअर लिहायला घेतले. फळ्यावर काढलेला त्रिकोण हे एक चित्र असते. एकदा काढला की तो तसाच राहतो. जिओजेब्रा मात्र चित्र साठवतच नाही, नाती साठवते. हा बिंदू अ, हा ब, ही त्यांना जोडणारी रेषा, हा तिचा मध्यबिंदू. ‘अ’ला पकडून सरकवले की त्याच्यावर अवलंबून असलेली प्रत्येक गोष्ट नव्याने मोजली जाते. शिरोबिंदू कुठेही ओढा, तिन्ही कोन बदलत राहतात आणि बेरीज १८० अंशांवर ठाम राहते. अर्थात ही सिद्धता नव्हे. पण ‘असे का?’ हा प्रश्न विद्यार्थ्याच्या तोंडून निघायला एवढे पुरते, आणि नववीच्या वर्गात तो प्रश्न निघणे हेच अवघड असते.

या साऱ्याच्या तळाशी एक गोष्ट आहे जिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही: युनिकोड. ते रुळण्याआधी कन्नडमध्ये नुडी आणि मराठीत श्रीलिपीसारखे फाँट चालत. त्यांत संगणकाच्या लेखी अक्षर वेगळेच असे, वर मुखवटा तेवढा आपल्या लिपीचा. समोरच्याकडे तोच फाँट नसला तर पडद्यावर खिचडी उमटे. प्रश्नपत्रिका पाठवली आणि तिकडे अगम्य चिन्हे पोचली, हा अनुभव जुन्या शिक्षकांना नवा नाही. युनिकोडने प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिला. गंमत अशी की देवनागरी आणि कन्नड या दोन्हींना १२८ जागांचा एकेक कप्पा मिळाला आहे आणि शून्यापासून मोजले तर ‘क’ दोन्हींत २१ क्रमांकाच्याच जागी बसतो. भारतीय लिप्यांचा आराखडा आधीपासून समांतर ठेवला होता, त्याचे हे फळ. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाच्या वादात एवढी समजूत दुर्मीळच म्हणायची.

आणि सीमाभागाचा इथे खरोखर संबंध येतो. खानापूर, निपाणी, बेळगाव इथल्या मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा कर्नाटकच्या शिक्षण खात्याखाली येतात. अभ्यासक्रम कर्नाटकचा, मुले मराठी. बाजारातले तयार डिजिटल पॅकेज अशा वर्गासाठी मराठीत कोण काढणार? कंपनीच्या हिशेबात ती विद्यार्थीसंख्या बसत नाही. खुल्या परवान्याच्या साहित्याला हा हिशेब लागू नाही. जिओजेब्राच्या फाइलमधली कन्नड नावे पुसून मराठी लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. भौतिकीचे नोबेल मिळवणारे कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेली फेट ही प्रयोगांची आभासी मालिका मराठीतही मिळते. मुंबईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ तर मुक्त सॉफ्टवेअर वापरायचे कसे, हे मराठीतून शिकवते. आपण आपल्या गतीने पाहायचे, थांबवायचे, करून बघायचे.

महाराष्ट्रात याच वाटेचे ठळक नाव म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याची त्यांची युक्ती गाजली. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरपैकी अर्धी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली. कौतुक कोडचे झाले. मुद्दा असा की कोडमागचा मजकूर गावातल्या शिक्षकाने तयार केला होता. आज बालभारतीच्या पुस्तकांवरही कोड असतात आणि सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेले ‘दीक्षा’ व्यासपीठ देशभर पोचले आहे. पण तिथे बहुतेक शिक्षकांच्या वाट्याला साहित्य उघडून दाखवण्याचेच काम येते.

शालेय माहिती तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय धोरणाने २०१२ मध्येच मुक्त सॉफ्टवेअरला पसंती नोंदवून ठेवली आहे. म्हणजे कागद तयार आहे, साधनेही फुकट आहेत. अडते ते तासांवर. एका चांगल्या धड्याचे मराठीकरण, तपासणी, वर्गात वापरून दुरुस्ती, यात शिक्षकाचे दिवस जातात आणि निवडणूक, जनगणना, पोषण आहाराच्या नोंदी यांतून ते दिवस काढायचे कसे, हे त्याचे त्यालाच पाहावे लागते. खानापूरच्या एखाद्या बाईंनी असा धडा करायला घेतला, तर तो वेळ प्रशिक्षणाचा धरायचा की त्यांच्या रविवारचा?