रंग पक्का म्हणजे काय? छापील कापडाच्या सत्तर वर्षांचा मागोवा

निजामी अमदानी ओसरून मराठवाडा १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्याच वर्षी इंग्लंडातील आय. सी. आय. कंपनीने सुती तंतूशी रासायनिक बंधाने जडणारे ‘प्रोसिऑन’ रंग बाजारात आणले. या दोहोंचा परस्परांशी काडीचाही संबंध नसला, तरी हिमरू-मशरूच्या मागांसाठी नावाजलेल्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पेठेत छापील कापडाने पुढे जी मजल मारली, तिचा मागोवा घेण्यास हे वर्ष सोयीचे आहे.

हिमरूत सुती ताण्यावर रेशमी बाण्याची नक्षी उठते. नक्षी धाग्याचीच, तेव्हा धागा झिजेल त्या दिवशीच ती जायची. छपाईत मात्र रंग बाहेरून येतो, आणि तो तंतूवर नुसता बसतो, तंतूच्या आत शिरतो की तंतूशी एकजीव होतो, यावर त्याचे आयुर्मान अवलंबून राहते.

जुने ठसेकाम या कसोटीला उत्तम उतरते. हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर तुरटीची खळ छापायची, गंजके लोखंड व गूळ कुजवून केलेला काळा छापायचा, आणि मग ते कापड मंजिष्ठेच्या किंवा अलिझरिनच्या पाण्यात उकळायचे, की तुरटी लागली असेल तेवढ्याच जागी लाल रंग उमटतो आणि पाण्यात न विरघळणारा होऊन तंतूत रुतून राहतो. इजिप्तमधील फुस्तात येथे सापडलेले गुजरातचे मध्ययुगीन छापील तुकडे या पद्धतीच्या चिवटपणाचा सबळ दाखला होत.

स्क्रीन छपाई रूढ झाल्यावर वेग वाढला, पण एकाच चौकटीतून निरनिराळ्या स्वभावाचे रंग उतरू लागले. रिॲक्टिव्ह रंग धुण्याला पक्का, मात्र क्लोरिनच्या ब्लीचपुढे हतबल. पिगमेंटचे कण बाइंडरने चिकटवून सुमारे दीडशे अंश उष्णतेत पक्के केलेले असतात; ते उन्हाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत, पण घासण्याला लवकर शरण जातात, आणि म्हणून चादरीच्या नेहमीच्या घडीवर प्रथम पांढुरकी रेघ दिसू लागते. औद्योगिक वसाहतींतील कंपन्यांची नावे मिरविणाऱ्या टी-शर्टांवरील प्लॅस्टिसॉलचा थर तर कापडावर केवळ पापुद्र्यासारखा असतो. नीट भाजला गेला नसेल, तर काही धुण्यांतच त्याला भेगा पडतात, आणि गरम इस्त्रीला तो चिकटतो.

अलीकडे ‘डिजिटल प्रिंट’ची पैठणी सर्रास मिळते. ती पॉलिएस्टरची असेल आणि सब्लिमेशनने छापलेली असेल, तर सुमारे दोनशे अंशांवर रंगाची वाफ होऊन तो तंतूच्या पोटात शिरलेला असतो. पदर उलटून पाहिला, तर छापील मोर मागून फिकट दिसतो, आणि हातमागावरचा दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच. परंतु ती छापील पैठणी घरच्या बादलीत निर्धास्त बुडविता येते, जे खऱ्या रेशमी पैठणीच्या बाबतीत कोणी करू धजत नाही.

तात्पर्य, टिकाऊपणा हा एकच एक गुण असल्याचा समज या सत्तर वर्षांच्या अनुभवापुढे टिकत नाही. दुकानदाराने ‘रंग पक्का आहे’ अशी ग्वाही दिली, की गिऱ्हाइकाने कापड सुती की पॉलिएस्टर हे आधी विचारावे, आणि रंग पाण्याला पक्का, उन्हाला, घासण्याला की इस्त्रीला, याचा तपशील मागावा. चारही परीक्षांना सारखी उतरणारी छपाई विरळाच.