मजकुरात दडलेली कळ

माझ्या संगणकावर मोडी कागदांच्या छायाचित्रांचा मोठा साठा आहे आणि त्याच्या शेजारी माझ्या वाचनाच्या नोंदींची एक साधी फाइल. नोंदींत जागोजागी ‘रुमाल १२, कागद ४७’ असे उल्लेख; रुमाल म्हणजे कागदांचा बांधलेला गठ्ठा. पूर्वी असा उल्लेख आला की फोल्डर उघडायचे, कागद हुडकायचा, परत यायचे. तोवर वाचत होतो ती ओळ हरवलेली असायची. आता त्या शब्दांवर कर्सर नेऊन एंटर दाबले की कागद समोर उघडतो. शब्द मात्र होते तसेच आहेत. ही करामत इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधल्या बटनांची. ती आतून कशी चालते याचा शोध घेताना मी अपेक्षेपेक्षा बराच खोल गेलो.

इमॅक्स १९७६ चा, एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतला. टेको नावाच्या एडिटरसाठी तिथल्या मंडळींनी आपापले मॅक्रो, म्हणजे आज्ञांचे संच, लिहिले होते. रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी त्यांची मोट बांधली. आज आपण वापरतो तो जीएनयू इमॅक्स स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये लिहायला घेतला. त्याचा बराचसा भाग लिस्प भाषेत आहे, आणि वापरणारा त्याच भाषेत चार ओळी लिहून चालता एडिटर बदलू शकतो.

मजकुरावरच क्लिक करून काम करून घेण्याची कल्पना इतरांनाही सुचली होती. झुरिकच्या ईटीएचमध्ये निकलाउस विर्थ आणि युर्ग गुटक्नेख्त यांनी १९८०च्या दशकात ओबेरॉन ही प्रणाली उभारली. तिच्यात पडद्यावर कुठेही आज्ञेचे नाव लिहिलेले असले की माउसच्या मधल्या बटनाने ती आज्ञा चालवता येई. पुढे बेल लॅब्जमध्ये रॉब पाइक यांनी ‘अ‍ॅक्मी’त हीच वाट चोखाळली. तिथे शब्द हीच कळ होती. इमॅक्सने निराळा मार्ग धरला: शब्द दिसायला शब्दच, पण त्याच्याशी एक गुप्त नोंद जोडलेली.

ही नोंद दोन प्रकारे जोडता येते. पहिल्या प्रकारात ती अक्षरांनाच चिकटते, साडीच्या विणलेल्या काठासारखी. तुकडा कापून दुसरीकडे नेला तर काठही सोबत जातो. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे ओव्हरलेमध्ये, ती वरून टाचलेल्या फितीसारखी असते. मजकूर उचलून दुसऱ्या फाइलमध्ये नेला तर फीत मागेच राहते. मी फीत निवडली. अक्षरांना गुणधर्म चिकटवले की इमॅक्स ती फाइल ‘बदललेली’ मानतो. फितीने तसे होत नाही, आणि माझ्या नोंदींना धक्का लागू नये ही माझी पहिली अट होती. फितींची एक अडचण होती खरी: त्या वाढल्या की मोठ्या फाइलमध्ये इमॅक्स रेंगाळत असे. २०२३ च्या २९ व्या आवृत्तीत त्या वृक्षरचनेत साठवायला सुरुवात झाली आणि ती तक्रार बरीचशी मिटली.

बटनांचे सगळे काम एका छोट्या फाइलमध्ये आहे. तिचे लेखक माइल्स बेडर. तिच्यावरची स्वामित्वहक्काची नोंद २००१ पासूनची आहे, आणि २२ व्या आवृत्तीबरोबर २००७ मध्ये ती सर्वांच्या हाती आली. त्याआधीही विजेट नावाची बटने होती, पण ती जड. बेडर यांनी फाइलच्या माथ्यावरच सांगून टाकले आहे की आपली बटने वेगवान, आटोपशीर आणि आतून फार सोपी आहेत. कोड वाचला की ते पटते.

त्यातली एक जागा मला विशेष आवडते. अक्षरांना चिकटलेली दोन बटने अगदी शेजारी आली तर पहिले कुठे संपते हे यंत्राला कसे कळावे? दोन्हींवर ‘हे बटन आहे’ एवढीच खूण, मग दोन्ही मिळून एकच वाटणार. म्हणून प्रत्येक बटनाला एका घटकाची नवी कोरी यादी दिली जाते. सगळ्या याद्यांत मजकूर तोच, ‘होय’. पण प्रत्येक यादी स्मृतीत स्वतंत्र. यंत्र त्यांतला मजकूर पाहत नाही, ती तीच यादी आहे का एवढेच पाहते. एका ओळीत सोडवलेले हे कोडे पाहून मी बराच वेळ थांबलो होतो.

माउसचा हिशेबही असाच विचारपूर्वक केलेला आहे. बटन म्हणजे मजकूरही असल्याने तिथे क्लिक करणाऱ्याला कदाचित फक्त कर्सर ठेवायचा असेल. म्हणून झटपट क्लिक केले तर बटन चालते. ४५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त दाबून धरले तर कर्सर तिथे बसतो.

मजकूर काम करू लागला की धोकाही येतो. सप्टेंबर २०१७ मध्ये इमॅक्सची २५.३ ही आवृत्ती काढावी लागली ती अशाच एका भगदाडामुळे: सजवलेल्या मजकुराच्या फाइलमध्ये दडवलेला कोड ती फाइल नुसती उघडताच चालू शकत होता. म्हणूनच माझ्या बटनांत आज्ञा साठवलेली नाही. ती शेजारचे दोन आकडे वाचतात आणि ठरलेल्या फोल्डरमधला कागद उघडतात, बस्स.

पहिल्या प्रयत्नात मात्र मी चुकलो होतो. ‘रुमाल १२’ हे शब्द डोळ्यांनी मोजले: तीन अक्षरे, एक मोकळी जागा, दोन आकडे, म्हणजे सहा. बटन सहाव्या स्थानावर संपवले, तर खालची रेघ ‘रुमाल’पाशीच थांबली आणि १२ बाहेर राहिला. यंत्राच्या लेखी उकार आणि काना ही स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘रुमाल’ म्हणजे पाच, आणि सगळे मिळून आठ. मराठीत बटने घालणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यायला हवे. मग मोजणे सोडून मी नमुना दिला: ‘रुमाल’ आणि त्यापुढे आकडे, देवनागरी असोत वा रोमन. फाइल उघडताच सगळ्या उल्लेखांखाली रेघ आली. परवा जुनी पाने चाळताना दिसले की सुरुवातीच्या काही महिन्यांत मी रुमालाऐवजी ‘रु.’ एवढेच लिहीत असे. ते उल्लेख अजून मुके आहेत.