श्वास रोखा, फोटो काढतोय!

मुलांनो, एक गंमत करा. बोट डोळ्यांसमोर धरा आणि हळूहळू जवळ आणा, थेट नाकापर्यंत. बोट धूसर झालं ना? फार जवळचं डोळ्याला स्पष्ट दिसत नाही. कॅमेऱ्याचीही हीच अडचण. म्हणून इवल्याशा वस्तूचा जवळून फोटो काढायला फार कसब लागतं. त्यात ती वस्तू बघता बघता वितळून जाणारी असली तर?

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जेरिको नावाचं गाव आहे. हिवाळ्यात तिथे भरपूर बर्फ पडतो. विल्सन बेंटली हा तिथला शेतकऱ्याचा मुलगा. पंधराव्या वर्षी आईच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याने हिमकण पाहिला आणि तो वेडावलाच! सहा बाजू, सहा फांद्या, त्यावर नाजूक नक्षी. त्याने चित्रं काढायला घेतली, पण चित्र पुरं व्हायच्या आत हिमकणाचं पाणी व्हायचं. मग घरच्यांनी त्याला कॅमेरा घेऊन दिला. त्याने तो सूक्ष्मदर्शकाला जोडला आणि खूप खटपटीनंतर, १५ जानेवारी १८८५ रोजी, एका हिमकणाचा फोटो मिळवला. तेव्हा तो अवघा १९ वर्षांचा होता!

त्याच्या कॅमेऱ्याला लांबलचक भाता होता. कशाला? वस्तू भिंगाच्या जितकी जवळ आणावी, तितकी तिची स्पष्ट प्रतिमा भिंगामागे दूर पडते आणि मोठी होते. त्या प्रतिमेपर्यंत पोचायला भाता ताणावा लागतो. पण तेवढाच प्रकाश मोठ्या जागेत पसरला की प्रतिमा अंधूक होते. म्हणजे प्रकाश जास्त वेळ आत घ्यायला हवा, आणि हिमकण तर थांबायला तयार नाही!

म्हणून बेंटली कडाक्याच्या थंडीत, शेकोटी नसलेल्या खोलीत काम करायचा. काळ्या फळीवर हिमकण झेलायचा, त्यातला चांगला निवडून काचेवर घ्यायचा आणि पिसाने अलगद चपटा बसवायचा. श्वाससुद्धा रोखून धरायचा, कारण उबदार श्वास लागला की नक्षी गेली! मला या माणसाची चिकाटी फार आवडते. आयुष्यभरात त्याने ५,००० हून जास्त फोटो काढले. तंतोतंत सारखे दोन हिमकण त्याला सापडले नाहीत. सहा बाजू मात्र पुन्हा पुन्हा दिसायच्या, कारण पाणी गोठताना त्याचे रेणू षट्कोनी जाळी करून बसतात. १९३१ साली त्याच्या दोन हजारांहून अधिक फोटोंचं पुस्तक निघालं.

आपल्याकडे हिमकण कुठून आणायचे? मीठ आहे की! काळ्या कागदावर मिठाचे चार दाणे टाका. मोठ्या माणसांचा मोबाइल मागून घ्या, कॅमेऱ्यासमोर भिंग धरा आणि बाजूने टॉर्चचा प्रकाश पाडा. मोबाइल डब्यावर टेकवा, नाहीतर हात हलतो. इतक्या जवळून थोडीशीच जाडी स्पष्ट येते. दाण्याची पुढची कड चकचकीत आणि मागची धूसर दिसली तर बिचकू नका. बेंटलीचे हिमकण चपटे होते, ते त्याच्या पथ्यावर पडलं. मोबाइल केसभर पुढेमागे करत राहा. मिठाचे दाणे चौकोनी ठोकळ्यांसारखे दिसतील.

मग साखर घ्या. तिचे कोपरे मिठासारखेच आहेत का? ते मी सांगणार नाही. फोटो काढा आणि शोधा!